नको तो चेंडू सोडून द्यावा
सदर : बांधावरच्या गप्पा



दर आठवड्याला मी तुमच्याशी बी-बियाणे, खत-माती आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय वाचून तुम्ही हसाल. आज मी व्हिडिओ गेमविषयी लिहिणार आहे, आणि तोही बेसबॉलचा. सत्तावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडलेला, तो हातात मुलांचे खेळणे घेऊन बटणे दाबत बसला, ही गोष्ट काही अभिमानाने सांगण्याजोगी नाही. पण त्या खेळण्याने मला एक धडा दिला आणि आमच्या घरातला एक तुटलेला धागा पुन्हा सांधला गेला. म्हणून सांगतो. शेवटपर्यंत वाचा, कपाशीचेही काही हाती लागेल.

झाले असे. आमची थोरली लेक जपानात नागोया शहराजवळ राहते. जावईबापू तिथे मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहेत. मार्च २०२५ मध्ये लेकीचे दुसरे बाळंतपण होते. सौ. बाळंतपण करायला निघाली आणि मी सौ.ला सोबत म्हणून निघालो. तिथे पोचल्यावर दोन दिवसांतच ध्यानात आले, की त्या घरात सर्वांना काम आहे, बिनकामाचा मी एकटाच. बाहेर थंडी, भाषा येत नाही, पाय ठेवायला स्वतःची वावभर जमीन नाही. नातू आठ वर्षांचा. त्याच्या शाळेला वसंताची सुट्टी लागलेली. म्हणजे बिनकामाचे आम्ही दोघे झालो.

पहिल्याच दुपारी पाहतो तो नातू गॅलरीत उन्हाला पाठ करून बसलेला आणि हातात करड्या रंगाचा विटेएवढा डबा. डब्यातून टिक टिक आवाज येतोय. "काय आहे रे ते?" म्हटले. म्हणाला, "आबा, गेम."

मंडळी, 'गेम' हा शब्द ऐकला आणि माझ्या कपाळावर आठी पडली. त्याला कारण होते.

आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा, माझा पुतण्या, चोवीस वर्षांचा. शिकलेला, कष्टाळू, शेतीची आवड असलेला. दादांनी पहिल्या वेचणीचा कापूस विकला आणि पट्टीचे पैसे त्याच्या खात्यावर ठेवले, ठिबकच्या संचासाठी. पोराने मोबाइलवरच्या पैसे लावून खेळायच्या खेळात दीड महिन्यात रु. ८५,००० घालवले. दादांना कळले ते ठिबकवाला पैसे मागायला आला तेव्हा. मला निरोप आला, मी तसाच गावी गेलो. आणि ओसरीवर, चार माणसांत, वहिनींच्या देखत, मी त्या पोराला नाही नाही ते बोललो. "नालायका, बापाचा घाम मोबाइलमध्ये ओतलास" येथपासून सुरुवात केली आणि कुठे थांबलो ते आता लिहवत नाही. त्याने खाली घातलेली मान वर केली नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. मी फोन केला तर उचलायचा नाही. मी घरी गेलो तर मळ्यात निघून जायचा.

तर असा मी. नातवाच्या हातात गेम पाहिला आणि लेकीवर चिडलो. "तुम्हीसुद्धा पोराला हा नाद लावलात?" लेक शांतपणे म्हणाली, "अण्णा, मोबाइल त्याला देत नाही म्हणून तर हे दिलंय. आधी हातात घेऊन बघा, मग बोला."

ही अट मला मानावीच लागली. कारण गेली तीस वर्षे मी तुम्हाला हेच सांगत आलो आहे, की आधी झाड हातात घेऊन पाहा, पान उलटून पाहा, मग औषधाचे नाव काढा.

त्या डब्याचे नाव गेम बॉय. निन्टेन्डो या कंपनीने तो १९८९ मध्ये काढला. ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात पत्ते करण्याच्या धंद्यात सुरू झालेली. जावईबापूंनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून तो स्वस्तात आणला होता. मागच्या बाजूला कॅसेट खोचायची, चार सेल घालायचे, बटण सरकवायचे. डावीकडे फुलीच्या आकाराचे एक बटण, उजवीकडे दोन गोल बटणे. बस्स. आपल्या जत्रेत एके काळी ठोकळे रचायचे खेळ मिळत, साधारण त्याच घराण्यातला, पण थोरला भाऊ. पडदा हिरवट, त्यावर करड्या रंगाच्या चारच छटा. आतून उजेड नाही. म्हणजे दिवसा उन्हात बसावे किंवा दिव्याखाली बसावे, तेव्हाच चित्र दिसते. अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन खेळायची सोय नाही. हे पाहून माझा राग थोडा उतरला.

कॅसेट होती बेसबॉलची. आता हा खेळ आपल्याकडे कोणाला फारसा ठाऊक नाही. आपल्या शाळांच्या स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळतात, तो याचाच धाकटा भाऊ. जपानात मात्र बेसबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखे वेड. १८७२ साली होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने तोक्योतल्या आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकवला असे मानतात. जपानी भाषेत त्याला 'याक्यू' म्हणतात, म्हणजे शब्दशः रानातला चेंडू. कोशिएन नावाचे त्यांचे मोठे मैदान १९२४ साली बांधले. तिथे दर उन्हाळ्यात देशभरच्या माध्यमिक शाळांचे संघ खेळतात. जावईबापूंनी सांगितले, की जो संघ हरतो त्याची मुले गुडघे टेकून त्या मैदानाची माती पिशवीत भरून घरी नेतात. काळी माती आणि वाळू यांचे ते मिश्रण. हरलेल्या पोरांनी माती कपाळाला लावावी तशी जपून न्यावी, हे ऐकून मातीवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला त्या खेळाविषयी आपलेपणा वाटू लागला.

नातवाने मला नियम शिकवले. तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. प्रत्येक बाजूला नऊ गडी. मैदानात चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांना चार तळ, दोन तळांमध्ये नव्वद फूट अंतर. फलंदाज घरच्या तळापाशी उभा राहतो. गोलंदाज साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. टप्पा नाही, थेट अंगावर. चेंडू मारून पहिला, दुसरा, तिसरा तळ गाठत पुन्हा घरी आले की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव बदलला. असे नऊ डाव.

आता यातली खुबी. घरचा तळ सतरा इंच रुंद असतो. त्याच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत, हवेत एक चौकट आहे असे मानायचे. ही चौकट कोणाला दिसत नाही, पण सारा खेळ तिच्याभोवती फिरतो. चेंडू चौकटीतून गेला आणि तुम्ही मारला नाही, तर एक चूक तुमच्या नावावर. तुम्ही दांडू फिरवला आणि हुकला, तरी एक चूक, मग चेंडू चौकटीबाहेरचा का असेना. अशा तीन चुका झाल्या की बाद. पण चेंडू चौकटीबाहेरून गेला आणि तुम्ही दांडू खांद्यावरच ठेवलात, तर तो दोष गोलंदाजाचा. असे चार दोष झाले की तुम्ही काही न मारता चालत पहिल्या तळावर जायचे. म्हणजे या खेळात नको तो चेंडू सोडून देण्याला बक्षीस आहे!

त्या खेळण्यात हे सगळे बोटाएवढ्या बाहुल्यांनी करायचे. गोल बटण दाबले की आपली बाहुली दांडू फिरवते. आपली गोलंदाजी असली की फुलीच्या बटणाने चेंडू डावी-उजवीकडे वळवायचा. अडवलेला चेंडू कुठे फेकायचा हेही फुलीवरच. उजवीकडे दाबले की पहिला तळ, वर दाबले की दुसरा, डावीकडे तिसरा आणि खाली घर. चौकोन नजरेपुढे आणला की चुकत नाही. समोरच्या बाजूने यंत्र स्वतःच खेळते.

मी चष्मा पुसून बसलो. यंत्राने चेंडू टाकला, मी बटण दाबले, हुकला. दुसरा टाकला, दाबले, हुकला. तिसराही तसाच. गडी बाद. पुढचा आला, तोही तीन चेंडूंत बाद, आणि त्याच्या पुढचाही. नऊ चेंडूंत माझा डाव संपला. मग यंत्राने मला बदडले. पहिला सामना मी ११ विरुद्ध ० असा हरलो. दुसराही तसाच. तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड बघून नातू माझ्या मांडीला टेकून बसला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "आबा, तुम्ही सगळेच चेंडू मारता. असं नाही करायचं. तो बघा, बाहेर चाललाय. हा आपला नाही. जाऊ द्या."

"मग मारायचा कधी?"

"आपला आला की."

मंडळी, आठ वर्षांच्या पोराने सांगितलेले हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. हा आपला नाही, जाऊ द्या. आपला आला की मारायचा.

मग मी चेंडू सोडायला शिकलो. वाटते तितके सोपे नाही ते. चेंडू दिसला की अंगठा आपोआप बटणावर जातो. यंत्र मोठे लबाड. एखादा चेंडू अगदी सरळ येतोय असे वाटते आणि शेवटच्या क्षणी बाहेर वळतो. तो आमिषाचाच चेंडू. तुम्ही फसावे म्हणूनच टाकलेला. पण अंगठा आवरला तर चार चेंडू सोडून माझा गडी आरामात पहिल्या तळावर चालत जायचा. चौथ्या दिवशी असेच दोन गडी तळांवर गेले, तिसऱ्याच्या वेळी मधोमध चेंडू आला, मी मारला, आणि माझी पहिली धाव झाली. नातू आणि मी इतके ओरडलो, की सौ.ने आतून दटावले, बाळ उठेल म्हणून.

संध्याकाळी जावईबापूंना ही गंमत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, मोठे मोठे खेळाडूसुद्धा हेच सांगतात." टेड विल्यम्स नावाचा अमेरिकन फलंदाज होऊन गेला. त्याने म्हणे त्या हवेतल्या चौकटीचे चेंडूएवढे ७७ भाग पाडून प्रत्येक भागात आपल्याला किती यश येते याचा हिशेब मांडला होता. त्याचा पहिला नियम हाच, की मारण्याजोगा चेंडू येईपर्यंत थांबावे. आमची लेक राहते त्याच आयची प्रांतातला इचिरो सुझुकी अमेरिकेत जाऊन २००४ च्या एका हंगामात २६२ यशस्वी फटके मारून आला. तो विक्रम अजून उभा आहे. अमेरिकेतल्या साऱ्या कारकिर्दीत त्याची सरासरी ०.३११. म्हणजे दहा प्रयत्नांत तीन यशस्वी, सात वाया. दहात सात वेळा अपयश येऊनही माणूस थोर ठरतो, असा हा खेळ. तुम्हा-आम्हाला हे नवे नाही. दहा हंगामांत तीन भरभरून आले तरी आपण देवापुढे नारळ फोडतो.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती तुम्हाला नक्की आवडेल. हा डबा ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला त्या माणसाचे नाव गुनपेई योकोई. हा १९६५ साली निन्टेन्डोत लागला तो पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकाम्या वेळात त्याने लांबवून वस्तू पकडणारा एक हात स्वतःसाठी बनवला. मालकांनी तो पाहिला आणि १९६६ साली खेळणे म्हणून बाजारात आणला. पुढे आगगाडीत एक नोकरदार माणूस कंटाळून हिशेबाच्या यंत्राची बटणे चाळवत बसलेला त्याने पाहिला आणि त्यातून १९८० साली छोटे खेळ निघाले. ते फुलीचे बटणही त्याचेच, १९८२ चे.

या माणसाची एक पद्धत होती. तो म्हणायचा, अगदी नवीन, महागडे तंत्र घेऊ नये. जे तंत्र जुने होऊन 'वाळले' आहे, ज्याचे गुण-दोष सगळ्यांना कळले आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, ते घ्यावे आणि त्याला नवे काम द्यावे. 'वाळलेले' हाच शब्द, बरे का! जसे आपण हिरवे दाणे कणगीत भरत नाही, वाळवून भरतो, तसे. १९८९-९० साली दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे काढली. दिसायला झकपक. पण सेगा कंपनीच्या यंत्राला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. योकोईचा करडा डबा चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. रंगीत पडदा हा त्याच्यापुढे आलेला आमिषाचा चेंडू होता. त्याने तो सोडून दिला. हा डबा आणि १९९८ मध्ये निघालेली त्याची रंगीत आवृत्ती मिळून जगात ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले. ज्या वेळी रंग स्वस्त आणि कमी सेल खाणारा झाला, त्या वेळी त्यांनी रंगही आणला. आपला आला की मारायचा, तो असा. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात वारला, पण त्याचा डबा छत्तीस वर्षांनी आमच्या नातवाच्या हातात चालतो आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

एका रात्री झोप येईना. नातवाचे वाक्य डोक्यात घोळत होते. पुतण्याची आठवण आली. त्याच्यापुढे आमिषाचा चेंडू आला आणि त्याने मारला, तो चुकला. पण त्या दिवशी ओसरीवर मी काय केले? राग आला, समोर दिसला तो शब्द फेकला. एकही सोडला नाही. पोराचे ऐकून घ्यायला थांबलो नाही, ओसरी रिकामी व्हायला थांबलो नाही. ८५,००० रुपये दोन हंगामांत भरून निघतील. चार माणसांत बोललेले शब्द कोणत्या हंगामात भरून निघणार? तेव्हा बाद पुतण्या एकटा नव्हता, मीही झालो होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, मी त्याला फोन लावला. वाटले, उचलणार नाही. पण परदेशातून फोन म्हणून काळजीने उचलला असावा. "काका, सगळे बरे आहेत ना?" म्हणाला. मी म्हटले, "सगळे बरे आहेत. मीच तेवढा रोज हरतोय." "कशात?" "व्हिडिओ गेममध्ये." पलीकडे शांतता. मग म्हणाला, "काका, तुम्ही? व्हिडिओ गेम?" आणि हसला. पाच महिन्यांनी मी त्याचे हसणे ऐकले. मी म्हटले, "बाळा, त्या दिवशी मी चारचौघांत बोललो ते चुकलो." तो काही बोलला नाही. मीही गप्प राहिलो. पूर्वी असतो तर त्या गप्प राहण्यात दोन उपदेश कोंबले असते. मग तोच बोलू लागला. पहिल्या दिवशी त्याला सातशे रुपये मिळाले होते. मग गेले. मग 'आता येतील, आता येतील' म्हणत तो लावत गेला. रात्री सगळे निजल्यावर पांघरुणात खेळायचा. घालवलेले परत आणून ठेवू, कोणाला कळायच्या आत, एवढीच त्याची आशा. मी नुसते ऐकले.

मंडळी, खेळ म्हटला की सगळेच एका दावणीला बांधू नका. नातवाचा तो डबा नऊ डाव झाले की संपतो. हरलो तर नावाला हरलो, खिशातून काही जात नाही. बंद करून फळीवर ठेवला की तो तुम्हाला हाक मारीत नाही. पुतण्याच्या मोबाइलवरचा खेळ संपतच नव्हता. थांबला की तोच हाक मारायचा. पहिले सातशे रुपये हे बक्षीस नव्हते, गळाला लावलेले गांडूळ होते. खेळाला शेवट आहे का, पैसा लागतो का आणि उघड्यावर खेळता येतो का, या तीन गोष्टी पाहाव्यात. मग पोराच्या हातून काढून घ्यायचा की नाही ते ठरवावे.

पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला. खेळात बुडालेल्याला गुन्हेगार धरलेले नाही. तेव्हा कोणाच्या घरी असे झाले असेल तर लपवू नका. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पोरगा गप्प गप्प राहत असेल, जेवत-झोपत नसेल, तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. मनाच्या त्रासाबद्दल तिथे बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि सर्वांत आधी घरच्यांनी ऐकून घ्यावे. ओसरीवर नव्हे, आत.

परत आल्यावर जूनमध्ये गावी गेलो. पुतण्या मळ्यात निघून गेला नाही. चहा घेऊन समोर बसला. मी त्याला बेसबॉलची ती हवेतली चौकट समजावून सांगितली, आणि तो म्हणाला, "काका, मग कपाशीची चौकट कोणती?" पोराने नेमके धरले!

कपाशीची चौकट अशी. लागवडीनंतर दीड महिन्याने गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. रोज सकाळी त्यात किती नर पतंग पडले ते मोजावे. एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग, असे लागोपाठ तीन रात्री आले, तर चेंडू चौकटीत आला. किंवा शेतातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. दोन किंवा अधिक किडकी निघाली, तर चेंडू चौकटीत आला. तेव्हा फवारणी करावी, चुकवू नये. चौकटीतला चेंडू सोडला तर तीही चूकच. पण एका रात्री चार पतंग दिसले, शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला किंवा दुकानदार 'नवीन औषध आलंय' म्हणाला, एवढ्यावरून दांडू फिरवू नये. त्यात औषध जाते, मजुरी जाते आणि किडीला खाणारे मित्रकीटकही मरतात.

पुतण्याने कॅलेंडरवर रोजचे आकडे लिहिले. तीन, चार, दोन, पाच. शेजारी फवारत होते. दादा अस्वस्थ होत. पोरगा म्हणायचा, "दादा, हा आपला नाही, जाऊ द्या." सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, त्यात आमचीही सखल भागातली कपाशी पिवळी पडली. तिथे कोणाचाच दांडू चालत नाही. पण उरलेल्या पिकात ऑक्टोबरमध्ये लागोपाठ तीन सकाळी नऊ, आठ आणि दहा पतंग मोजले, आणि त्याच दिवशी त्याने फवारणी केली. उत्पन्न दुप्पट झाले असे मी सांगणार नाही, खोटे होईल. पण दोन फवारण्यांचा खर्च वाचला आणि राहिलेली बोंडे चांगली फुटली. वाचलेले पैसे त्याने दादांच्या हातात आणून दिले. रु. ८५,००० अजून पुरते फिटलेले नाहीत. फिटतील.

निघायच्या आदल्या दिवशी मी नातवाबरोबर शेवटचा सामना खेळलो. ४ विरुद्ध ३ असा हरलो. शेवटचा चेंडू बाहेरचा होता, आणि मी मारला. वयाची खोड लगेच जात नाही. नातू म्हणाला, "आबा, तो आपला नव्हता." मी म्हटले, "खरं आहे बाळा, पुढच्या वेळी सोडीन."

तेव्हा मंडळी, बाजारात, शेतात, मोबाइलवर आणि घरातल्या भांडणातसुद्धा रोज किती तरी चेंडू अंगावर येतात. प्रत्येकाला दांडू लावलाच पाहिजे असे नाही. क्षणभर थांबून बघा, हा आपला आहे का? नसेल तर जाऊ द्या. असेल तर मात्र जोर लावून मारा.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटे अळी आणि पक्षिथांबे यांविषयी बोलू. तोवर राम राम.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी